गरोदरपणातील अपेंडिसायटिस आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटदुखीसाठी तपासायला आलेल्या गर्भवतीला ‘अपेंडिक्सची शंका आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल’ असे सांगितले जाते, तेव्हा विचार करायला फारसा वेळ नसतो, आणि मनात प्रश्न मात्र दुपटीने असतात, कारण ते दोन जिवांचे असतात. असे नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. एखाद्या रुग्णाबाबतचा निर्णय तिला प्रत्यक्ष तपासणारे सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ मिळूनच घेतात.

गरोदरपणात अपेंडिसायटिस होतो का?

होतो. प्रसूतीशी थेट संबंध नसलेल्या कारणांसाठी गर्भवतीच्या पोटावर ज्या तातडीच्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यांत अपेंडिक्सची शस्त्रक्रिया सर्वांत अधिक वेळा होते. साधारणपणे ५०० ते २,००० गर्भवतींमागे एकीला हा आजार होतो आणि दुसऱ्या तिमाहीत त्याचे प्रमाण थोडे अधिक आढळते. गरोदरपण हे त्याचे कारण नव्हे. अपेंडिक्सची अरुंद पोकळी बंद होते, आत जंतू वाढतात, सूज येते, रक्तपुरवठा अडखळतो आणि उपचार झाले नाहीत तर ते फुटू शकते, ही साखळी गर्भवतीत आणि इतरांत सारखीच असते. त्यामुळे ‘आदल्या दिवशी काय खाल्ले होते’ या चौकशीतून काही हाती लागत नाही, आणि त्या बाईच्या मनात अपराधीपणा तेवढा निर्माण होतो.

निदान एवढे अवघड का जाते?

कारण अपेंडिसायटिसची निम्मी लक्षणे गरोदरपणातही असतातच. मळमळ, उलट्या, भूक न लागणे, पोट जड वाटणे, ओटीपोटात ओढल्यासारखे दुखणे या तक्रारी गर्भवती रोज करते आणि त्यांची कोणी विशेष दखल घेत नाही. त्यातच रक्ततपासणीही फसवते. पांढऱ्या पेशी वाढणे ही एरवी जंतुसंसर्गाची खूण मानली जाते, परंतु गरोदरपणात हा आकडा १६,००० पर्यंत जाणे नैसर्गिक असते आणि प्रसूतीच्या कळा सुरू असताना तो २०,००० च्याही पुढे जाऊ शकतो. म्हणजे केवळ वाढलेल्या पेशींवरून निदान करता येत नाही आणि ‘गरोदरपणात वाढतातच’ असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

याखेरीज पोटाच्या उजव्या बाजूला दुखण्याची इतर कारणेही असतात : गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांवर ताण येणे, बीजकोशाला पीळ बसणे, मूत्रपिंडातला खडा किंवा संसर्ग, पित्ताशयाची सूज, सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भनलिकेतला गर्भ, तर शेवटच्या महिन्यांत वार वेळेआधी सुटणे किंवा अकाली कळा. यांतील काही कारणे निरुपद्रवी आहेत आणि काही अपेंडिक्सपेक्षाही गंभीर आहेत. म्हणूनच सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांनीही रुग्णाला पाहणे आवश्यक ठरते.

गर्भाशय वाढल्यावर अपेंडिक्स वर सरकते, मग दुखणेही वरच्या बाजूला होते का?

अपेंडिक्स वर सरकते ही समजूत १९३२ साली झालेल्या क्ष-किरण अभ्यासापासून वैद्यकाच्या पुस्तकांत रुजली. त्यात काही अंशी तथ्य आहे, पण पुढच्या अभ्यासांत असे दिसले की कोणत्याही तिमाहीत बहुसंख्य गर्भवतींना दुखणे उजव्या बाजूला खालीच होते. बदलतो तो दुखण्याचा स्पष्टपणा. एरवी सुजलेले अपेंडिक्स पोटाच्या आतल्या आवरणाला टेकते आणि तेथे बोट दाबून सोडले की रुग्ण दचकतो. मोठे झालेले गर्भाशय मध्ये आले की हा स्पर्श तुटतो, पोट घट्ट होत नाही आणि हात लावणाऱ्याला सारे ठीक असल्याचा भास होतो. सुरुवातीला बेंबीभोवती दुखून काही तासांनी वेदना उजवीकडे स्थिरावणे, चालताना किंवा खोकताना ती वाढणे आणि दुखणे सुरू झाल्यानंतर उलट्या होणे, हा क्रम डॉक्टरांना नीट सांगावा. अनेकदा यंत्रांपेक्षा या क्रमाचाच अधिक उपयोग होतो.

कोणत्या तपासण्या करतात? सीटी स्कॅनने बाळाला इजा होते का?

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, आणि त्याच वेळी बाळ, वार आणि बीजकोशही पाहून होतात. मात्र दिवस जसजसे भरत जातात तसतसे अपेंडिक्स सोनोग्राफीत सापडणे कठीण होते. अहवालात ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ ‘अपेंडिसायटिस नाही’ असा होत नाही. हा फरक नातेवाइकांच्या लक्षात येत नाही आणि अहवाल चांगला आला म्हणून त्यांना घरी जावेसे वाटते.

सोनोग्राफीतून उलगडा झाला नाही, तर पुढची योग्य तपासणी एमआरआयची. त्यातही किरणोत्सर्ग नसतो, गॅडोलिनियम हे रंगद्रव्य देण्याची गरज पडत नाही आणि निदानाची अचूकता ९० टक्क्यांहून अधिक असते. एमआरआय वेळेवर उपलब्ध नसेल आणि शंका दाट असेल, तर सीटी स्कॅन करणे गैर नाही. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये बाळापर्यंत पोहोचणारी मात्रा साधारण २५ मिलिग्रे असते. ज्या मात्रेच्या खाली जन्मजात व्यंग किंवा गर्भपाताचा धोका वाढल्याचे दिसत नाही, ती मर्यादा ५० मिलिग्रे मानली जाते. अर्थात, टाळता येणारा किरणोत्सर्ग टाळावाच. पण सीटीच्या भीतीने फुटण्याच्या बेतात असलेले अपेंडिक्स तसेच राहू देणे हा बाळासाठी अधिक महागात पडणारा मार्ग आहे.

प्रसूती होईपर्यंत केवळ प्रतिजैविकांवर भागवता येणार नाही का?

हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, कारण गरोदर नसलेल्या रुग्णांत प्रतिजैविकांनी अपेंडिसायटिस बरा करण्याचे मोठे अभ्यास अलीकडच्या काळात झाले आहेत. परंतु त्या अभ्यासांतून गर्भवतींना वगळलेले होते. शिवाय त्यांतही एक वर्षाच्या आत चारांपैकी सुमारे एकाला अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. इतर रुग्णाच्या बाबतीत आजार उलटला तर त्याला पुन्हा दाखल करून शस्त्रक्रिया करता येते. गर्भवतीत तो उलटेल तेव्हा गर्भाशय आणखी मोठे झालेले असेल, निदान आणखी अवघड झालेले असेल आणि संसर्गामुळे अकाली कळा सुरू होण्याचा धोका समोर असेल. म्हणून गरोदरपणात आजही शस्त्रक्रिया हाच प्रमाण उपचार मानला जातो. प्रतिजैविके दिली जातात, पण ती शस्त्रक्रियेच्या जोडीला. अपेंडिक्स आधीच फुटून त्याभोवती पुवाचा बांधीव गोळा झाला असेल, तर कधी कधी नळीने पू काढून पुढची पावले ठरवली जातात. तो अपवाद आहे.

बाळाला अधिक धोका आजाराचा की शस्त्रक्रियेचा?

आजाराचा, आणि त्यातही उशिराचा. अपेंडिक्स फुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर गर्भ दगावण्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांच्या आसपास असते. ते फुटून पोटभर संसर्ग पसरला की हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. जुन्या अभ्यासांत तर ते २० टक्क्यांच्याही पुढे नोंदवलेले आहे. आईच्या बाबतीतही हाच हिशेब लागू होतो. गर्भवतीला भूल देणे आणि तिच्या पोटावर शस्त्रक्रिया करणे ही गोष्ट कोणालाही दडपण आणणारी असते, त्यामुळे ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा सल्ला सावधपणाचा वाटतो. निदान जवळपास निश्चित झाले असताना मात्र तो सावधपणाचा नसतो.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय करतात?

पोटावर एक मोठा छेद घेण्याऐवजी सहसा तीन लहान छेद घेतले जातात, साधारण ५ ते १२ मिलिमीटरचे. त्यांतल्या एकातून दुर्बीण आणि उरलेल्या दोहोंतून बारीक, लांब उपकरणे आत जातात आणि आतले दृश्य पडद्यावर मोठे होऊन दिसते. गर्भवतीत पद्धत हीच असते, पण प्रत्येक पायरीवर काही बदल करावे लागतात आणि सगळे कौशल्य त्या बदलांतच आहे.

रुग्ण टेबलावर सरळ पाठीवर झोपत नाही. उजव्या कुशीखाली आधार देऊन तिला थोडे डाव्या अंगावर कलते केले जाते, कारण पाचव्या महिन्यानंतर उताणे झोपले की गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, आईचा रक्तदाब उतरतो आणि वारेकडे जाणारे रक्त कमी होते. नंतर सर्जन हाताने चाचपून गर्भाशयाचा वरचा काठ शोधतात. बारा आठवड्यांच्या सुमारास तो ओटीपोटाच्या हाडापाशी असतो, विसाव्या आठवड्यात बेंबीपाशी आणि छत्तिसाव्या आठवड्यात बरगड्यांच्या खाली. पहिले छिद्र या काठापासून पुरेसे अंतर ठेवून वर घेतले जाते. म्हणूनच एरवी बेंबीत असणारा टाका गर्भवतीत बेंबीच्या बराच वर दिसतो आणि तो पाहून नातेवाईक गोंधळतात. अनेक सर्जन येथे सुई आंधळेपणाने आत घालण्याऐवजी लहान छेदातून पोटाचा एकेक थर डोळ्यांनी पाहत उघडतात, म्हणजे गर्भाशयाला टोच लागण्याची शक्यता जवळपास उरत नाही. पुढची छिद्रे आतून दुर्बिणीने पाहत घेतली जातात.

आत गेल्यावर गर्भाशयाला शक्यतो हात लावत नाहीत. लहान आतड्याची वेटोळी बाजूला सारून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाशी असलेले अपेंडिक्स शोधले जाते. निरोगी अपेंडिक्स मऊ आणि लवचिक असते, तर सुजलेले लालभडक, ताठ आणि अनेकदा पांढरट पापुद्र्याने मढलेले दिसते. त्याची रक्तवाहिनी बंद करून बुंध्याशी दोऱ्याचा फास बसवतात किंवा स्टेपलर लावतात आणि ते छोट्या पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे छेदाच्या कडेला त्याचा स्पर्श होत नाही.

पोटात भरलेल्या गॅसचा बाळावर परिणाम होतो का?

उपकरणे हलवायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. याबाबत दोन काळज्या असतात. पहिली दाबाची : दाब फार वाढला तर आईचे हृदयाकडे परतणारे रक्त आणि गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. म्हणून दाब पाऱ्याच्या १० ते १५ मिलिमीटरच्या मर्यादेत, आणि जमेल तेवढा खालच्या बाजूला ठेवला जातो. दुसरी काळजी अशी की हा वायू आईच्या रक्तात शोषला जातो आणि तिच्या रक्तात तो साठला तर बाळाचे रक्तही आम्लधर्मी होऊ शकते. त्यावर भूलतज्ज्ञांचे लक्ष असते. आईच्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचे मोजमाप श्वासागणिक पडद्यावर उमटत असते आणि त्यानुसार श्वासयंत्राची गती कमीजास्त केली जाते. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया लवकर आटोपते, ही देखील बाळाच्या बाजूची गोष्ट आहे.

ही शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यापर्यंत करता येते?

पूर्वी गरोदरपण हेच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला आडकाठी मानले जात असे आणि नंतर सव्विसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्याची मर्यादा सांगितली जाऊ लागली. सध्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती कोणत्याही तिमाहीत करता येते. पहिल्या तिमाहीत गरज पडली तर ‘तीन महिने जाऊ द्या’ म्हणून थांबणे योग्य नाही. तो नियम टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रियांसाठी आहे. शेवटच्या तिमाहीत आत जागा खरोखरच कमी असते, आणि तेव्हा सर्जनचा अनुभव हाच निर्णायक मुद्दा ठरतो.

मग छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया चुकीची ठरते का?

मुळीच नाही. दुर्बिणीने अपेंडिक्स पहिल्यांदा काढले ते १९८० साली जर्मनीतील कील येथे कुर्ट सेम यांनी (ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आणि सर्जन मंडळींना हे पचायला काही वर्षे लागली). त्याआधीच्या काळात असंख्य गर्भवती छेदाच्या शस्त्रक्रियेनेच बऱ्या झाल्या. दुर्बिणीचे फायदे ठोस आहेत : वेदना कमी, जखमेचा संसर्ग कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी, लवकर हिंडता-फिरता येणे आणि निदान चुकले असेल तर बीजकोश व पोटाचा इतर भागही त्याच वेळी पाहता येणे.

शंका आहे ती बाळाच्या जिवाबाबत, आणि ती लपवण्याचे कारण नाही. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दुर्बिणीच्या गटात गर्भ दगावण्याचे प्रमाण अधिक दिसले होते. त्या निष्कर्षावर एका मोठ्या, जुन्या नोंदसंचाचा प्रभाव होता. नंतरच्या विश्लेषणांत, तो अभ्यास बाजूला ठेवून पाहिल्यावर, दोन्ही पद्धतींत असा ठळक फरक आढळला नाही. तात्पर्य, अनुभवी सर्जन आणि साधने हाताशी असतील तर दुर्बीण हा चांगला पर्याय आहे. ती उपलब्ध नाही म्हणून रुग्णाला दूरवर हलवण्यात तास दवडण्यापेक्षा जवळच्या सक्षम रुग्णालयात छेदाची शस्त्रक्रिया वेळेवर करून घेणे हिताचे असते.

पूर्ण भूल बाळासाठी सुरक्षित आहे का?

सध्या वापरात असलेल्या भुलीच्या औषधांनी नेहमीच्या मात्रेत बाळात व्यंग निर्माण होते, असे सिद्ध झालेले नाही. शेवटच्या तिमाहीत तीन तासांहून अधिक चालणारी किंवा वारंवार द्यावी लागणारी भूल याविषयी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे, पण अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला सहसा इतका वेळ लागत नाही. भूलतज्ज्ञांपुढची खरी अडचण वेगळीच असते. गर्भवतीच्या जठरातले अन्न सहज वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते, म्हणून तिला पूर्ण भूल देतानाच श्वासनलिकेत नळी वेगाने बसवावी लागते. शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले, हे म्हणूनच खरेखरे सांगावे.

शस्त्रक्रियेच्या वेळी बाळाकडे कोण लक्ष देते?

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर बाळाचे ठोके तपासून नोंदवले जातात. गर्भ जगण्याइतका वाढलेला असेल तर दोन्ही वेळा ठोक्यांचा आणि कळांचा आलेख काही काळ सलग घेतला जातो. अकाली प्रसूतीची शक्यता वाटली आणि गर्भ साधारण २४ ते ३४ आठवड्यांचा असला, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देण्याचा विचार होतो. कळा थांबवणारी औषधे प्रत्येकीला आधीपासून देण्याची प्रथा आता मागे पडली आहे. कळा प्रत्यक्ष सुरू झाल्या तरच ती प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्याने दिली जातात.

त्याच वेळी सिझेरियनही उरकून घ्यावे का?

नाही. अपेंडिसायटिस हे सिझेरियनचे कारण नव्हे. बाळाला किंवा आईला प्रसूतीच्या दृष्टीने वेगळा धोका असेल तरच तसा निर्णय होतो.

नंतर कोणती औषधे चालतात?

वेदनेसाठी पॅरासिटामॉल ही पहिली पसंती, आणि ते पुरेसे झाले नाही तर थोड्या काळासाठी अधिक तीव्र औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, स्वतःहून घेऊ नयेत. त्यांनी गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचन पावू शकते. प्रतिजैविकांत सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे आणि मेट्रोनिडॅझोल सामान्यतः वापरतात, तर टेट्रासायक्लिन टाळतात.

गरोदरपणात रक्त सहज गोठते आणि शस्त्रक्रियेने त्यात भर पडते. पायांना आळीपाळीने दाबणारे मोजे त्यासाठी लावतात, काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनेही देतात. सर्वांत साधा उपाय म्हणजे लवकर उठून चालणे. टाक्यांच्या भीतीने दिवसभर पलंगावर पडून राहणे ही काळजी घेणे नव्हे.

पोट वाढत जाईल तसे टाके उसवतील का? प्रसूती नैसर्गिक होऊ शकेल का?

छेद लहान असल्याने पोट वाढताना तेथे ओढल्यासारखे वाटते, पण टाके उसवण्याची शक्यता फार कमी असते. जखमा भरलेल्या असतील तर नैसर्गिक प्रसूतीला या शस्त्रक्रियेमुळे अडथळा येत नाही आणि कळा देतानाही त्यांना धोका नसतो.

अपेंडिक्स निरोगी निघाले, तर शस्त्रक्रिया वाया गेली असे समजायचे का?

असे काही वेळा होते, आणि गर्भवतींमध्ये त्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. अशी शस्त्रक्रियाही पूर्णतः निर्धोक नसते. तिच्यानंतरही काही थोड्या गर्भवतींना अकाली प्रसूती किंवा गर्भपात होतो, आणि म्हणूनच शक्य असेल तेथे आधी एमआरआय करण्याचा आग्रह धरला जातो. मात्र फुटलेल्या अपेंडिक्सशी तुलना केली तर सर्जन ही चूक पत्करतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

घरी गेल्यावर कोणत्या तक्रारींसाठी लगेच परत यावे?

ताप किंवा थंडी वाजणे, वाढत जाणारी पोटदुखी, थांबून थांबून पोट कडक होणे, योनिमार्गातून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, जखमेतून पू येणे, पाण्याचा घोटही पोटात न टिकणे, एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणे किंवा अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तपासणीची तारीख पाहत बसू नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात अकाली कळांचा धोका सर्वाधिक असतो, आणि त्या कळा अनेकदा टाक्यांच्या दुखण्यासारख्याच वाटतात. टाक्याची वेदना हालचालीबरोबर वाढते आणि स्वस्थ पडल्यावर कमी होते. कळ मात्र झोपून राहिले तरी ठरावीक अंतराने येते आणि जाते. फरक ओळखता येत नसेल, तर पोटावर हात ठेवून घड्याळ लावावे, आणि अंतर सारखे येऊ लागले तर रात्र असली तरी निघावे.